दोनशे ग्रॅम आणि पंचवीस मिनिटे

सुरुवातीलाच एक गोष्ट नोंदवून ठेवते. अंबाजोगाईच्या त्या सभागृहाबाहेर, चिंचेखालच्या पारावर, एक मुलगी आणि तिचे वडील सकाळी पंचवीस मिनिटे बसले होते. ती पंचवीस मिनिटे मी पाहिलेली नाहीत. मी आत होते, काट्याजवळ. बाकी जे सांगणार आहे, ते मी स्वतः पाहिलेले आहे किंवा ज्याने पाहिले त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलेले आहे.

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. प्रयोगशाळेच्या कपाटात टोपणे नसलेल्या बाटल्या आणि बाटल्या नसलेली टोपणे साठतात, तसे ते साठतात. फेकून द्यायला घेतले की प्रत्येक किस्सा पुढेमागे उपयोगी पडेल असे वाटते. माझ्याकडे हे जे काही साठले, ते सगळे तालमीतले आहे आणि सगळे वजनाबद्दल आहे. मी कुस्ती खेळत नाही, आणि अलीकडेपर्यंत मला ती कळतही नव्हती. मी केज तालुक्यातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते.

* * *

तालमीशी माझा संबंध प्राचार्यांनी जोडला.

"मॅडम, कुस्तीच्या पोरांचं वजन घ्यायला एक समिती लागते," ते म्हणाले. "यंदा मुली पण आहेत, म्हणून समितीत बाई पाहिजे. वजन म्हणजे फिजिक्स. तुम्हीच!"

मी त्यांना समजावून सांगितले की काट्यावर आपण जे किलोत वाचतो ते वस्तुमान असते, वजन हे बल असते, आणि दोन्हींत गोंधळ करणाऱ्या मुलांचे मी अर्धा गुण कापते. तेव्हा 'वजन समिती' या नावाखाली सही करणे मला अवघड जाईल.

प्राचार्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतले.

"मॅडम, नाव बदलायचं तर मीटिंग बोलवावी लागेल. मीटिंग बोलावली की समितीत कोण, यावर चर्चा होईल. चर्चा झाली की वर्ष जाईल. तुम्ही आहे तेच वजन घ्या!"

मी घेतले.

* * *

तालीम गावाबाहेर आहे. पत्र्याची शेड, अर्ध्या भागात लाल माती, अर्ध्यात मॅट. तिचे सर्वेसर्वा रावसाहेब वस्ताद. साठीला आलेले, मोडून घट्ट झालेले कान, आवाज कायम शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल इतका. त्यांनी पहिल्याच दिवशी मला त्यांचे शास्त्र सांगितले.

"मॅडम, माणूस म्हंजी पाण्याचा हंडा हाय. वजनाच्या सकाळी हंडा रिता ठिवायचा. काट्यावरनं उतरला की भरायचा. कुस्तीला उभा ऱ्हायपर्यंत गडी पुन्हा दोन किलोनं भारी! समोरचा म्हणतो, ह्यो तर माझ्याच गटातला हाय, मग एवढा जड कावून लागतोय?"

मी यात चूक काढण्याचा प्रयत्न केला. मुख्य विधानात ती सापडली नाही. आपल्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणीच असते, आणि सर्वांत लवकर कमी होते तेही पाणीच. चूक पुढे होती. हंडा रिकामा झाला तरी हंडाच राहतो. माणसाचे तसे नाही. पाणी कमी झाले की रक्त दाट होते, हृदय धावू लागते, स्नायू ऐनवेळी आखडतात.

"ते बी खरं हाय," वस्ताद म्हणाले. "म्हणून तर तुमाला घेतलंय."

तिथेच मला शीतल पहिल्यांदा भेटली. घाटनांदूरकडच्या धनगर कुटुंबातली, बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, माझीच विद्यार्थिनी. वर्गात शेवटच्या बाकावर बसून एकही प्रश्न न विचारणारी मुलगी मॅटवर इतकी बोलकी असेल असे मला वाटले नव्हते. वयोगटाचे तिचे हे शेवटचे वर्ष होते. तिचे वजन एरवी पंचावन्न किलो. पण पंचावन्नच्या गटात परळीकडची एक मुलगी होती आणि तिच्याकडून शीतल चार वेळा हरली होती. त्रेपन्नच्या गटात मात्र तिला अडवेल असे जिल्ह्यात कोणी नव्हते. म्हणजे हिशेब साधा होता. निवड चाचणीच्या सकाळी काटा त्रेपन्नवर थांबला, तर शीतल राज्य स्पर्धेच्या संघात. एक ग्रॅम जरी वर दिसला, तर कुस्ती संपली.

"मॅडम, दोन किलो म्हणजे किती असतं हो?" तिने मला विचारले होते. "दोन बाटल्या पाणी. बास! तेवढ्यानं अडतंय माझं."

* * *

तालमीतला काटा जुना, लोखंडी, फळीचा होता. पूर्वी आडतीवर धान्याची पोती त्यावर तोलली जात. रोज सकाळी सोळा पैलवान त्यावर चढत आणि वस्ताद वहीत आकडे लिहीत. ती वही मी घरी नेऊन तपासली, कारण तपासणे ही माझी सवय आहे.

तिच्यात एक विलक्षण गोष्ट दिसली. दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत रोजचे चढउतार वगळले, तर सोळाच्या सोळा पैलवानांचे वजन जवळपास सारखेच उतरले होते, दीडशे ग्रॅमच्या आसपास. जाड, बारीक, उपाशी राहणारा, चोरून भजी खाणारा, सगळ्यांचे सारखेच! निसर्गात असे होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पदर खोचला, गुडघ्यांवर बसले आणि काट्याच्या फळीखाली पाहिले. फळीच्या खालच्या बाजूला लाल फडक्यात बांधलेला एक नारळ लटकत होता.

"खंडेनवमीचा हाय," वस्ताद म्हणाले. "हत्याराची पूजा नसती का? मातीला हार घातला, गदेला घातला, काट्याला नारळ बांधला. बांधलेला नारळ पुढच्या वर्षापस्तोर सोडायचा नसतो."

नारळ सोडवला. माझ्या वजनांनी काटा तपासला. आता तो बरोबर होता. नारळ निराळा तोलला, तर चारशे ग्रॅम. कानाशी हलवला, आत काहीच वाजले नाही. तो आटला होता.

याचा अर्थ असा की दोन महिने प्रत्येक पैलवान स्वतःच्या वजनात एक नारळ मिळवून वाचत होता आणि तेवढे अधिक घटवण्यासाठी उपाशी धावत होता. वहीत जी घट दिसत होती, तिच्याशी त्यांच्या धावण्याचा संबंध नव्हता. त्या काळात तालमीत पाणी कमी केले होते ते एकट्या नारळाने!

हे सगळे मी फळ्यावर आकृती काढून समजावले. वस्तादांनी बराच वेळ आकृतीकडे पाहिले, मग छाती पुढे काढली.

"बघा बे! म्हणूनच यंदा आपला एक बी गडी काट्यावर अडला न्हाई!"

* * *

दत्ता आमच्या तालमीतला सर्वांत देखणा आणि सर्वांत भुकेला पैलवान. एकोणऐंशीचा चौऱ्याहत्तर व्हायचे होते. घाम काढायला त्याने युरियाची प्लॅस्टिकची पोती शिवून अंगरखा केला होता. तो घालून तो डांबरी रस्त्याने धावू लागला की समोरून येणारी गुरे बुजत. शेवटी शेतकऱ्यांनी तक्रार केली आणि वस्तादांनी दुसरा मार्ग काढला.

युसूफ वडगावच्या बाजूला त्यांच्या ओळखीचे एक गुऱ्हाळ होते. उसाचा रस मोठ्या काहिलीत आटत असतो, भोवती वाफ कोंडलेली असते. "तिथं दोन तास बस," वस्ताद म्हणाले. "दुसरं काय करायचं न्हाई. नुसतं बस."

मी दत्ताला जाण्यापूर्वी तोलले आणि परतल्यावर तोलले. तो गेला त्यापेक्षा चारशे ग्रॅमने भारी होऊन आला होता.

"घाम गाळायला गेलतास का पाहुणचाराला?" वस्ताद ओरडले.

दत्ता मान खाली घालून उभा. झाले ते असे. दोन तास तो प्रामाणिकपणे वाफेत बसला, घामाने निथळला. निघताना गुऱ्हाळाच्या मालकांनी रसाचा पेला पुढे केला. दत्ता नको म्हणाला. मालकांनी काकवी पुढे केली. नको. मग गरम गूळ, शेंगदाणे घालून. तेही नको म्हटल्यावर मालक उठून उभे राहिले. "पैलवान, आमच्या आज्यापासनं ह्या गुऱ्हाळातनं कोणी तोंड गोड न करता गेला न्हाई. तुला आमच्यात काय खोट दिसली, ते सांग."

"मग काय करतो, वस्ताद?" दत्ता म्हणाला. "घाम माझा होता, रस त्यांचा. त्यांचाच भारी निघाला!"

* * *

बीडला सरावाची एक स्पर्धा होती. जीप मांजरसुंब्याला ढाब्यावर थांबली. ज्यांना वजनाची चिंता नव्हती ते शेवभाजी आणि भाकरीवर तुटून पडले. दत्ता आणि शीतल बाजूच्या बाजेवर बसले होते. दोघांनी आदल्या दिवसापासून पाणी जवळपास सोडले होते. दत्ता ढाब्याच्या पाटीकडे, पाटीवरच्या पदार्थांच्या यादीकडे पाहत होता. वस्तादांनी वाचण्यावर बंदी घातलेली नव्हती.

शीतलने थंड पाण्याची बंद बाटली गालाला लावली होती.

"पिणार नाहीस, तर घेतलीस कशाला?" मी विचारले.

"ओळख ठिवायला, मॅडम."

त्या वेळी मी हसले. दुसऱ्या दिवशी हसू आले नाही.

दत्ता चौऱ्याहत्तरमध्ये बसला. कुस्ती सुरू झाली, आणि दुसऱ्याच मिनिटाला त्याच्या पोटरीत असा गोळा आला की तो मॅटवर आडवा झाला. "थांब बे!" तो समोरच्याला म्हणाला. "जरा थांब! पाय सुटंना!" समोरचा गडी सज्जन होता. त्याने खाली बसून दत्ताचा पाय मांडीवर घेतला, अंगठा धरून पोटरी ताणून दिली, गोळा गेल्याची खात्री केली, आणि मग तोच पाय धरून दत्ताला चीत केले!

सगळा हॉल हसला. दत्ताही हसला. मी त्याची नाडी पाहिली आणि पुन्हा मोजली, कारण आलेल्या आकड्यावर माझा विश्वास बसला नाही.

परतीच्या वाटेवर मी वस्तादांना माझी अट सांगितली. वजन कमी करायचे ते आठवडाभर, हळूहळू, मीठ आणि जेवण कमी करून. शेवटच्या दिवसात एक किलोपेक्षा अधिक पाणी कोणाच्याही अंगातून काढायचे नाही. तसे झाले तर त्या पैलवानाच्या कागदावर मी सही करणार नाही. मग तो कोणीही असो.

"कोनीबी म्हंजी?" वस्तादांनी विचारले.

मागच्या सीटवर शीतल डोळे मिटून बसली होती. ती झोपलेली नव्हती.

"कोणीही," मी म्हणाले.

* * *

त्यानंतरच्या आठवड्यात एक गृहस्थ थेट माझ्या प्रयोगशाळेत आले. डोक्यावर लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. बी. एस्सी.ची मुले लंबकाची आवर्तने मोजत होती. ती मोजायची थांबली.

"माझ्या पोरीला कोन वाळवायलंय?" त्यांनी विचारले.

ते ज्ञानोबा, शीतलचे वडील. दोनशे शेळ्यामेंढ्यांचा कळप, आणि पायाखाली अर्धा मराठवाडा. मी त्यांना बसायला स्टूल दिले आणि सगळे सविस्तर समजावले: गट कसे असतात, पाणी कसे घटते, माझी अट काय आहे. बाहेरच्या माणसाला हे समजावताना मला नेहमी वीस मिनिटे लागतात. ज्ञानोबांना दोन मिनिटांत कळले.

"म्हंजी आमच्या उलटं हाय तुमचं," ते म्हणाले. "बाजाराच्या दिशी आमी बकऱ्याला पहाटं मीठ चारतो. मीठ खाल्लं की ते पोटभर पानी पितंय. काट्यावर किलो-दीड किलो जास्ती भरतंय. समदेच करतात, बाई. तुमच्यापशी खोटं कशाला बोलू."

"मग गिऱ्हाइकाला कळत नाही?"

"कळतंय की! गिऱ्हाईक काय कच्चं असतंय व्हय? त्यांच्यापशी बी इलाज हाय. घटकाभरात पाजलेलं समदं बाहेर काढत्यात. जनावराला हात न लावता!"

"तो कसा?"

ज्ञानोबा पहिल्यांदाच हसले. "ते सांगितलं तर बाजार बसंल, बाई."

जाता जाता त्यांनी दारातून शीतलकडे पाहिले. ती व्हरांड्यात उभी होती. "चौपन्न किलो, वर एक पाव," ते म्हणाले.

अशा विधानांवर मी विश्वास ठेवत नाही. मी शीतलला तिथल्या तिथे, प्रयोगशाळेतल्याच काट्यावर उभे केले. चौपन्न किलो, दोनशे चाळीस ग्रॅम.

योगायोग असू शकतो, म्हणून मी दत्ताला बोलावले. त्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत एकदाच पाहिले. आकडा शंभर ग्रॅमच्या आत बरोबर आला. मी शिपायाला बोलावले. बरोबर. रसायनशास्त्राचे सर उत्सुकतेने स्वतःहून आले. बरोबर, आणि ते गेले अनेक महिने स्टाफरूममध्ये सांगत होते त्यापेक्षा नऊ किलोने अधिक!

प्रयोगाला पाचवे निरीक्षण असावे, असे मी म्हणाले.

ज्ञानोबांनी माझ्याकडे पाहिले. "बाई, मग तुमचं सांगू का?"

चार निरीक्षणे पुरेशी असतात, असे मी ठरवले.

* * *

निवड चाचणी अंबाजोगाईला होती. वजन सकाळी सात ते आठ. या एका तासात काट्यावर कितीही वेळा चढता येते. आठ वाजता नोंद बंद. मुलींचे वजन माझ्याकडे होते.

मी साडेसहाला पोहोचले. काटा नवा, डिजिटल, दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा. आडत दुकानातून मागवून घेतलेली सरकारी शिक्क्याची पन्नास किलोंची वजने मी त्यावर ठेवली. पन्नास किलो, शून्य ग्रॅम. खाली नारळ नव्हता. मी वाकून पाहिले. मागच्या बाजूच्या मुलींच्या बाथरूमला कुलूप होते. चौकीदाराने किल्ली तिथल्या एकट्या बाई अधिकाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे दिली. ज्या मुलीला जायचे असेल तिने किल्ली मागायची, अशी व्यवस्था ठरली.

सात वाजून वीस मिनिटांनी शीतल काट्यावर चढली. कानातले काढलेले, पाय पुसलेले, श्वास सोडून उभी राहिलेली.

त्रेपन्न किलो, दोनशे ग्रॅम.

ती उतरली. पुन्हा चढली. दोनशे ग्रॅम.

आदल्या सकाळपासून तिने किती घटवले, हे वहीत होते. एक किलो, वीस ग्रॅम. म्हणजे माझी मर्यादा तिने आधीच ओलांडली होती. आणि वीस ग्रॅम माफ करण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नव्हता, तरी मी ते माफ केले होते. ओठ फुटलेले, नाडी जलद.

"अर्धा तास हाय," दारातून वस्ताद म्हणाले. "रेनकोट घालून पळू द्या. दोनशे ग्रॅम म्हंजी काय हो? दोन राउंड!"

"नाही," मी म्हणाले.

"मॅडम, पोरीचं शेवटचं वर्ष हाय."

"मला माहीत आहे."

"मग तुमाला सही महत्त्वाची का पोरगी?"

हा प्रश्न ते माझ्याशी भांडण्यासाठी विचारत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. माझ्याकडे एकच उत्तर होते आणि त्यात दोन्ही गोष्टी वेगळ्या करता येत नव्हत्या.

शीतलने माझ्याकडे पाहिलेही नाही. ती वस्तादांना म्हणाली, "कात्री हाय का?"

तिची वेणी कमरेपर्यंत होती. वस्तादांनी पिशवीतून कात्री काढली. म्हणजे त्यांनी ती बरोबर आणलेली होती. मी दारापर्यंत गेले. बाहेर तिने वेणी खांद्यावरून पुढे घेतली, आणि त्याच वेळी पारावरून ज्ञानोबा उठून आले.

"केसाला हात न्हाई लावायचा," ते म्हणाले. "वस्ताद, ती कात्री ठिवा. ये गं. बस हितं."

एवढे मी पाहिले. पुढची मुलगी काट्यावर उभी होती, म्हणून मी आत वळले.

सात वाजून त्रेपन्न मिनिटांनी दारात पावले वाजली. शीतल पुढे, ज्ञानोबा मागे. उंबऱ्याबाहेरच थांबून त्यांनी मुलीला एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिले, दत्ताला पाहिले होते तसे.

"जा," ते म्हणाले. "आता बरोबर हाय."

ती चढली. आकडे थोडे हलले आणि स्थिर झाले.

त्रेपन्न किलो, शून्य ग्रॅम.

मी तिला उतरवले. पन्नास किलोंची वजने पुन्हा काट्यावर ठेवली. पन्नास, शून्य. तिला पुन्हा चढवले. त्रेपन्न, शून्य. वेणी जशीच्या तशी होती. नाडी पाहिली, पहिल्यापेक्षा मंद. गेलेले दोनशे ग्रॅम पाणीच होते, असे म्हणायला माझ्याकडे पुरावा नव्हता. आठला दोन मिनिटे असताना मी सही केली.

दुपारी तिने तीन कुस्त्या मारल्या आणि राज्याच्या संघात गेली.

मी त्यानंतर जे जे करता येते ते केले. पंचवीस मिनिटांत श्वासातून आणि त्वचेतून जाणारे पाणी चाळीस ग्रॅम धरले, तेही उदार मनाने. राहतात एकशे साठ. वस्तादांना विचारले. "नजर हटवली न्हाई मी. बापलेक बसले. आप्पा बोलायलालते, पोरगी ऐकायलालती. उठली न्हाई, थुंकली बी न्हाई." रडली का? "तोंड पलीकडं होतं." अश्रूचा थेंब ग्रॅमचा विसावा भाग धरला, तर एकशे साठ ग्रॅमला तीन हजार दोनशे थेंब लागतात. तेवढे पंचवीस मिनिटांत कोणी रडत नाही. मी गुणाकार केला आहे.

शीतलला विचारले. "आप्पांनी सांगू नको म्हटलंय, मॅडम."

ज्ञानोबांना विचारले. "बाजारातलं हाय, बाई."

त्या सकाळी बाथरूमची किल्ली माझ्याकडून चार मुलींनी मागून नेली. चौघींची नावे माझ्या वहीत आहेत. शीतलने किल्ली मागितली नव्हती.